मिरग तारखेला, येळवस तिथीला

मिरग कधी निघतो ते बघायला आमच्याकडं कुणी पंचांग उघडत नाही. 7 नाहीतर 8 जून. आजोबा हीच तारीख सांगायचे, आज भाऊ हीच सांगतो. रोहिण्या 25 मेला, आडदरा 22 जूनला, मग तरणा पाऊस, म्हातारा पाऊस, सप्टेंबर सरता सरता हत्तीचा. सगळी नक्षत्रं इंग्रजी तारखांना बांधल्यासारखी येतात. येळवशीचं तसं नाही. दिवाळी उरकली की लातूर-धाराशिवकडं जो तो विचारायला लागतो, "औंदा येळवस कधी हाय?" पुण्याला कंपनीत असलेल्या पोरांना रजा टाकायची असते, लेकीबाळींना माहेरी यायचं असतं. आणि उत्तर दरसाल निराळं. 2022 सालात येळवस दोनदा झाली, 2 जानेवारीला आणि पुन्हा 23 डिसेंबरला. 2023 हे सबंध साल येळवशीविना गेलं. 2024 मध्ये पुन्हा दोन, 11 जानेवारी आणि 30 डिसेंबर. 2025 ला ती 19 डिसेंबरला आली आणि 2026 मध्ये एकही नाही.

मराठवाड्याबाहेरच्यांसाठी सांगते. येळवस म्हणजे वेळ अमावास्या, मार्गशीर्षातली. त्या दिवशी गावात चिटपाखरू नसतं, सगळं गाव रानात. कडब्याच्या पेंढ्यांची कोप उभी करायची, आत पाच पांडव मांडायचे, चुन्यानं रंगवलेले पाच दगड. मग भज्जी, आंबिल, बाजरीचे उंडे, खीर आणि येईल त्या वाटसरूला हाताला धरून जेवायला बसवणं. शाळू तेव्हा पोटरीत असतो, हरभऱ्याला घाटे धरत असतात.

मिरग सूर्याचा आणि येळवस चंद्राची. एवढं एक वाक्य मनात पक्कं बसलं की ऋतू, चंद्राच्या कला, अधिक महिना, ग्रहण हे सगळं एकाच शिवारात उभं राहून समजून घेता येतं. शाळेत आपण हा विषय एका आकृतीवर उरकतो. मधे पिवळा सूर्य, भोवती लांबट अंडाकृती रेघ, रेघेवर चार पृथ्व्या. घोटाळ्याला सुरुवात त्या आकृतीपासूनच होते.

त्या लांबट रेघेमुळं चांगल्या शिकल्यासवरल्या माणसांच्याही डोक्यात बसलेलं असतं, की पृथ्वी सूर्याजवळ गेली की उन्हाळा आणि लांब गेली की हिवाळा. पृथ्वीची कक्षा खरं म्हणजे जवळजवळ गोलच आहे. कागदावर ती मापानं काढली तर डोळ्याला वर्तुळच दिसेल. आणि जो थोडाफार फरक आहे तो आपल्या समजुतीच्या बरोबर उलटा. पृथ्वी सूर्याच्या सगळ्यांत जवळ येते ती जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, साधारण 14 कोटी 71 लाख किलोमीटरवर. तेव्हा परभणीचा पारा पाच-सहा अंशांपर्यंत उतरलेला असतो आणि पहाटे पाणी द्यायला गेलेला माणूस बांधावर शेकोटी करून बसलेला असतो. सगळ्यांत लांब जाते ती जुलैच्या पहिल्या आठवड्यात, 15 कोटी 21 लाख किलोमीटरवर.

ऋतू होतात ते पृथ्वीच्या कलण्यामुळं. तिचा आस साडेतेवीस अंशांनी कललेला आहे आणि वर्षभर तो ध्रुवाकडंच रोखलेला राहतो. सूर्याभोवती फिरताना पृथ्वी हा कल बदलत नाही, म्हणून सहा महिने आपला उत्तरेचा भाग सूर्याकडं झुकलेला असतो आणि सहा महिने सूर्यापासून मागं सरलेला. झुकलेला असतो तेव्हा ऊन डोक्यावरून येतं आणि दिवस मोठा होतो. मागं सरलेला असतो तेव्हा ऊन तिरपं होतं आणि दिवस आखडतो. आपल्याकडं जूनचा सर्वांत मोठा दिवस सव्वातेरा तासांचा, डिसेंबरचा सर्वांत लहान अकरा तासांचा. तिरपं ऊन जास्त जमिनीवर पसरतं, म्हणून पातळ होतं.

हे मला पुस्तकाच्या कितीतरी आधी आमच्या जुन्या घरानं दाखवलं होतं. लातूर जिल्ह्यातलं ते माळवदाचं घर. पांढऱ्या मातीचं जाड छत, आणि माजघरात उजेड यावा म्हणून छताला ठेवलेलं साणं. ऊन त्या साण्यातून खाली उतरायचं आणि शेणानं सारवलेल्या भुईवर भाकरीएवढा कवडसा पडायचा. दिवसभरात तो पश्चिमेकडून पूर्वेकडं सरकायचा, हे कुणीही बघतं. पण दुपारी नेमका कुठं पडतो ते रोज एकाच वेळी बघितलं तर वर्षाचा हिशेब दिसू लागतो. डिसेंबरात भरदुपारचा कवडसा साण्यापासून आठ-नऊ फूट उत्तरेला, पार जात्याजवळ जाऊन पडायचा, कारण दुपारीही सूर्य दक्षिणेला जेमतेम अर्ध्या आभाळाइतका चढलेला असायचा. संक्रांत झाली की कवडसा तसूतसूनं मागं यायला लागायचा. शिमग्याला तो माजघराच्या मध्याकडं यायचा. मे महिन्याच्या मध्यावर एक दिवस असा यायचा, की तो साण्याच्या नेमका खाली, ओळंबा सोडल्यासारखा पडायचा. आणि जूनमध्ये, ढगांनी फट दिली तर, साण्याच्या पलीकडं दक्षिणेला वीतभर. कवडसा जात्यापासून सुटला की थंडी उतरणीला लागली, हा आजीचा ठोकताळा होता. तिला अक्षांश ठाऊक नव्हता, पण अक्षांशानं जे घडतं ते तिच्या भुईवर रोज उमटत होतं.

मेमधला तो दिवस म्हणजे शून्य सावलीचा दिवस. कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असल्यामुळं आपल्या डोक्यावरून सूर्य वर्षातून दोनदा जातो. एकदा उत्तरेकडं जाताना, एकदा परत येताना. तुळजापूरला साधारण 12 मे, लातूरला 13, बीडला 16, नांदेड-परभणीला 16-17, जालना-संभाजीनगरला 19-20 आणि वेरूळला 20-21. एखाद्या वर्षी दिवस पुढंमागं होतो. हिशेब केला तर डोक्यावरचा सूर्य मराठवाड्यातून दिवसाला पंचवीसेक किलोमीटर उत्तरेला सरकतो. एखादी पायी दिंडी दिवसाला चालते तेवढंच. तुळजापूरहून निघून नवव्या मुक्कामाला वेरूळ. मला या चालीचं फार अप्रूप आहे. सूर्य आपल्या गावात कधी पोचतो आणि पुढच्या गावाला कधी जातो, हे दुपारी सव्वाबारा-साडेबाराच्या सुमारास अंगणात एक सरळ काठी ओळंब्यात उभी करून कुणालाही बघता येतं. त्यासाठी दुर्बीण लागत नाही, इंटरनेट लागत नाही. काठीची सावली काठीच्या बुडात गडप होते आणि पायाखाली बघितलं तर आपली सावली आपल्याच पायांत. जिल्हा परिषदेच्या शाळा तेव्हा सुट्टीत असतात याची मला दरवर्षी हळहळ वाटते. भूगोलाचा याहून चांगला धडा वर्षात दुसरा नाही.

परतीच्या वाटेवर सूर्य जुलैच्या शेवटच्या आठवड्यात पुन्हा आपल्या डोक्यावर येतो. तेव्हा तो कुणाला दिसत नाही, कारण आभाळ भरलेलं असतं. 21 जून हा सर्वांत मोठा दिवस असूनही आपला कडक उन्हाळा मेमध्येच का, याचं उत्तर इथंच आहे. मेमध्ये जमीन तापून लाही होते, समुद्र तेवढा तापत नाही, उत्तर भारतावर हवेचा दाब उतरतो आणि समुद्रावरचा ओला वारा आत ओढला जातो. म्हणजे पृथ्वीचा तो साडेतेवीस अंशांचा कलच ऊन देतो आणि तोच पुढं पाऊसही आणतो. शेतकरी एप्रिल-मेच्या उन्हाला कितीही शिव्या घालत असला, तरी रोहिण्या तापल्या नाहीत की त्याच्या जिवाला घोर लागतो, तो उगाच नाही.

आता मिरग. 'सूर्य मृगात गेला' म्हणजे काय? पृथ्वी सूर्याभोवती फिरते, म्हणून आपल्याला सूर्याच्या पाठीमागचं ताऱ्यांचं आभाळ बदलत गेलेलं दिसतं. 8 जूनच्या सुमारास सूर्याच्या मागं मृगाचे तारे असतात. त्यामुळं मिरगात मृग दिसत नाही, तो सूर्याबरोबर उगवतो आणि सूर्याबरोबर मावळतो. तो दिसतो सहा महिन्यांनी, पृथ्वी दुसऱ्या अंगाला गेल्यावर. येळवशीच्या संध्याकाळी हेंडगे, म्हणजे कडब्याचे पलिते, पेटवून झाले, बैलगाडीत नाहीतर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून मंडळी गावाकडं निघाली, की पूर्वेला वर आलेला तो चौकोन आणि त्यातला तीन ताऱ्यांचा बाण बघा. अमावास्येची रात्र असते, चंद्राचा अडथळा नसतो. ज्याच्या नावानं जूनमध्ये पेरणीची घाई होते तो डिसेंबरात शाळवाच्या वर उभा असतो.

आणि तारखेला बांधलेला हा मिरगसुद्धा पुरता बांधलेला नाही. पृथ्वीचा आस आकाशात एक मोठं वर्तुळ घेत फिरतो आहे. एक फेरा सुमारे 25,800 वर्षांचा. त्यामुळं ऋतूंच्या मानानं नक्षत्रं साधारण 72 वर्षांत एक दिवस पुढं सरकतात. मकरसंक्रांत 14 जानेवारीवरून 15 कडं सरकते आहे त्याचं मुख्य कारण हेच. सूर्य खरोखर उत्तरेकडं वळतो तो 21-22 डिसेंबरलाच. देवगिरीला यादव राज्य करत होते तेव्हा मिरग आजच्या मानानं दहाएक दिवस आधी, म्हणजे मेच्या अखेरीस निघत असणार. "पडतील स्वाती तर पिकतील मोती" ही म्हण ज्यानं पहिल्यांदा जुळवली त्याच्या स्वाती आणि आपल्या स्वाती ऋतूत एकाच जागी नाहीत. पाऊस लहरी झालाय हे खरं आहे आणि त्याची कारणं वेगळी आहेत. पण नक्षत्रांवर बोट ठेवून पेरणीचा दिवस ठरवणाऱ्याला हे सरकणंही ठाऊक असायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

चंद्राकडं वळते. कलांबद्दलची एक चुकीची समजूत फार पसरलेली आहे, की पृथ्वीची सावली पडून चंद्र अर्धा-पाव होतो. सावलीचा कलांशी काडीचा संबंध नाही. सावली पडते ती फक्त चंद्रग्रहणात. चंद्राची सूर्याकडची बाजू सदा उजळलेली असते, पौर्णिमेलाही आणि अमावास्येलाही. त्या उजळलेल्या बाजूचा किती भाग आपल्याकडं वळलेला आहे, तेवढीच कला.

याची खात्री मी एकदा जालन्याकडच्या मोसंबीच्या बागेत करून घेतली. फेब्रुवारी होता, मृग बहाराची तोड चालू होती आणि तिथी शुद्ध अष्टमीची. दुपारी साडेतीन-चारला अर्धा चंद्र पूर्वेच्या अंगाला निळ्या आभाळात स्पष्ट दिसत होता. देठाला धरून एक मोसंबी हात लांब करून चंद्राच्या शेजारी धरली. मोसंबीवर पश्चिमेचं ऊन पडलं होतं. तिची उजवी अर्धी बाजू पिवळीधमक आणि डावी अर्धी सावलीत. शेजारी चंद्र, उजवी अर्धी बाजू उजळलेली, डावी नाहीशी. दोन्हींवरची उजेडाची हद्द एकाच तिरकस रेषेत. मोसंबी चंद्रापासून दूर, सूर्याच्या बाजूला नेली की तिच्यावर कोर उरते. सूर्याकडं पाठ करून समोर धरली की तोंडभर उजळते. तोडणीवरच्या बायका हातातलं काम थांबवून आळीपाळीनं धरून बघत होत्या. एकीनं विचारलं, "म्हंजी चांद बी गोलच हाय म्हना की, ताटलीवानी न्हाई?" कवडीचाही खर्च न होता चंद्राचा गोलपणा हाताला लागतो तो असा. मुलांना तर हे दाखवाच. दिवसाढवळ्याचा चंद्र पाहिजे, ऊन पाहिजे आणि कुठलंही गोल फळ चालतं.

ताऱ्यांच्या हिशेबानं चंद्र पृथ्वीभोवती 27.3 दिवसांत फेरी मारतो, म्हणून नक्षत्रं सत्तावीस. पण तेवढ्यात पृथ्वी स्वतः सूर्याभोवती पुढं सरकलेली असते. सूर्याला पुन्हा गाठायला चंद्राला आणखी दोन दिवस लागतात आणि अमावास्येपासून अमावास्या 29.5 दिवसांनी येते. अशा बारा अमावास्या 354 दिवसांत संपतात. ऋतूंचं वर्ष 365 दिवसांचं. दरसाल जवळपास अकरा दिवसांची तूट. येळवस दरवर्षी दहा-बारा दिवस अलीकडं येते ती या तुटीमुळं, आणि मधेच एखाद्या वर्षी एकदम अठरा-वीस दिवस पलीकडं उडी मारते ती धोंड्याच्या महिन्यामुळं. ही उडी नसती तर येळवस वीस-बावीस वर्षांत उन्हाळ्यात जाऊन पडली असती. रानात उभा शाळू नसता, कोप करायला ताजा कडबा नसता, नांगरलेल्या ढेकळांत कोण आंबिल पीत बसणार? तिथी चंद्राची, पण पीक सूर्याचं. ही गाठ टिकावी म्हणून आपल्या पूर्वजांनी दर बत्तीस-तेहतीस महिन्यांनी एक महिना वाढवला, आणि तोही बेतानं. ज्या चांद्रमहिन्यात सूर्य रास बदलत नाही, तो अधिक.

धोंड्याचा महिना म्हटलं की आमच्याकडं जावयाचं वाण, अनारसे, पुरणाचे धोंडे आणि पुरुषोत्तमपुरीची जत्रा. बीड जिल्ह्यात माजलगाव तालुक्यात गोदाकाठी पुरुषोत्तमाचं देऊळ आहे, अधिक महिन्यात तिथं मुंगीला वाट मिळत नाही. याच पुरुषोत्तमपुरीत रामदेवराय यादवाचा 1310 सालचा ताम्रपट मिळाला. गर्दीत दर्शनाला उभं राहिलेल्यांपैकी किती जणांना ठाऊक असेल, की आपण ज्या महिन्याची पुण्याई गाठीला बांधायला आलोय तो चंद्र-सूर्याच्या अकरा दिवसांच्या तुटीतून जन्मलेला आहे? मला तरी हे कळल्यावर त्या जत्रेचं मोल वाढल्यासारखं वाटलं.

याहून मोठं नवल पुढं आहे. 2020 साली अधिक आश्विन होता, 2023 ला अधिक श्रावण, 2026 ला अधिक ज्येष्ठ. अधिक महिना उन्हाळा-पावसाळ्याच्या अंगालाच येतो. मार्गशीर्ष किंवा पौष अधिक येत नाहीत. का? कारण पृथ्वी सूर्याजवळ असते तेव्हा भरभर धावते आणि लांब असते तेव्हा रमतगमत जाते. जून-जुलैत, पृथ्वी लांब असताना, सूर्याला एक मिथुन रास ओलांडायला साडेएकतीस दिवस लागतात. एवढ्या ऐसपैस जागेत साडेएकोणतीस दिवसांचा चांद्रमहिना सहज मावतो. डिसेंबर-जानेवारीत, पृथ्वी जवळ असताना, धनु रास एकोणतीस दिवसांत आणि थोड्या तासांत संपते. तिच्यात चांद्रमहिना मावायला जागाच नाही. पृथ्वीच्या कक्षेचा जो किंचित लांबटपणा ऋतू घडवायला पुरत नाही, तो भिंतीवरच्या पंचांगात धोंडा कुठं पडायचा ते मात्र ठरवतो. हे पहिल्यांदा उमगलं तेव्हा मी स्वयंपाकघरात कॅलेंडरपुढं बराच वेळ उभी होते.

ग्रहणाबद्दल मला जरा सविस्तर लिहायचं आहे, कारण तिथं नुसता समजुतीचा प्रश्न नाही, बाईच्या जिवाचा आहे. 7 सप्टेंबर 2025 ला, अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी, खग्रास चंद्रग्रहण होतं. मी भावाकडं होते. वहिनीला सातवा महिना. दुपारपासून वेध लागलेले, म्हणून तिचं खाणंपिणं बंद, विळी-चाकूला हात लावायचा नाही, सुईत दोरा ओवायचा नाही, आणि ग्रहण लागल्यावर खोलीत ताठ पडून राहायचं, कूससुद्धा बदलायची नाही. आई म्हणाली, "आगं, लेकराचा व्हट फाटतंय. आमी न्हाई का पाळलं?" आईची माया खोटी नव्हती. म्हणून वाद न घालता तिला एवढंच सांगितलं, की बाळाचा ओठ गरोदरपणाच्या दुसऱ्या महिन्यातच जुळून तयार होतो. सातव्या महिन्यात तो कधीचा झालेला असतो, चाकूनं आणि चंद्रानं त्याला काही होत नाही. उपाशीपोटी, पाण्यावाचून तासन्‌तास पडून राहण्यानं मात्र पोटुशी बाईला नक्की होतं. आई गप्प बसली. मग उठली आणि तिनंच वहिनीला दूधभात कालवून दिला.

रात्री अकराला आम्ही सगळे गच्चीवर होतो. ढगांची ये-जा चालली होती. दहाच्या सुमारास चंद्राच्या कडेला काळसर डाग लागला होता, तो वाढत वाढत अकरा वाजून गेल्यावर चंद्र पुरता सावलीत गेला आणि विझण्याऐवजी तांब्याच्या जुन्या घंगाळासारखा लालसर झाला. तो लाल उजेड म्हणजे पृथ्वीभोवतीच्या हवेतून वाकून पलीकडं गेलेलं ऊन. त्या क्षणी पृथ्वीवर जिथं जिथं सूर्य उगवत होता आणि जिथं जिथं मावळत होता, तिथल्या सगळ्या तांबड्या आभाळाचा उजेड चंद्रावर पडला होता. हे 82 मिनिटं चाललं. चंद्रावर सरकणारी सावलीची कड वहिनीनं नीट बघितली आणि म्हणाली, "वन्सं, ही कड वाकडी हाय. म्हंजी ही आपल्या धरतीची गोलाई." मी सांगायच्या आधी ती म्हणाली. आणि पुढचा प्रश्न तिनं असा विचारला, की मला तिचा अभिमान वाटला. "पन मंग दर पुनवेला का व्हत न्हाई?"

उत्तर पाच अंशांत आहे. चंद्राची फिरण्याची पातळी पृथ्वीच्या पातळीपासून पाच अंशांनी कललेली आहे. पाच अंश ऐकायला थोडे वाटतात, पण आकाशात ती दहा पौर्णिमांचे चंद्र एकाला एक लावून ठेवण्याइतकी जागा आहे. त्यामुळं बहुतेक पौर्णिमांना चंद्र सावलीच्या वरून किंवा खालून निघून जातो आणि बहुतेक अमावास्यांना सूर्याच्या वरून किंवा खालून. या दोन पातळ्या दोन ठिकाणी एकमेकींना छेदतात. त्या दोन बिंदूंना आपण राहू आणि केतू म्हणतो. पौर्णिमा-अमावास्या त्या बिंदूंजवळ घडली तरच ग्रहण. वर्षातून साधारण दोनदा, सहा महिन्यांच्या थोडं आतच, तसा मोसम येतो. हे बिंदूही उलटे सरकत 18.6 वर्षांत एक फेरा घेतात, म्हणून ग्रहणाचा मोसम दरवर्षी अठरा-वीस दिवस अलीकडं येतो. कधी तो येळवशीलाही गाठतो. 2019 ची मार्गशीर्ष अमावास्या 26 डिसेंबरच्या सकाळी पावणेअकराच्या सुमारास संपली आणि त्याच सकाळी सूर्यग्रहण होतं. अमावास्या संपण्याचा क्षण म्हणजे चंद्र सूर्याला गाठून पुढं निघण्याचा क्षण. त्या दिवशी तो सूर्याच्या अंगावरून गेला, एवढंच.

राहू-केतू बिंदू आहेत हे कुणी परक्यानं येऊन आपल्याला शिकवलेलं नाही. सूर्याला चंद्र झाकतो आणि चंद्राला पृथ्वीची सावली झाकते, हे आर्यभटानं पाचव्या शतकाच्या अखेरीस लिहून ठेवलं. आणि मराठवाड्यापुरतं बोलायचं तर आपल्या परभणी जिल्ह्यातलं पाथरी, तेव्हाचं पार्थपूर, इथं ज्ञानराज नावाचा ज्योतिषी होऊन गेला. 1503 च्या सुमारास त्यानं सिद्धान्तसुंदर हा ग्रंथ रचला. ग्रहांची गती, ग्रहणं, सगळं गणितानं मांडलेलं. त्याचा मुलगा सूर्यदास यानं भास्कराचार्यांच्या लीलावतीवर टीका लिहिली. गोदावरीच्या याच काठावर गोलग्रामचं दिवाकर ज्योतिषाचं घराणं होतं. त्या घराण्यातली माणसं पुढं काशीला गेली आणि त्यातल्याच कमलाकरानं 1658 साली सिद्धान्ततत्त्वविवेक लिहिला. गोदाकाठच्या या मुलखात पाचशे वर्षांपूर्वी ग्रहणाची वेळ सावलीच्या गणितानं काढली जात होती. त्याच मुलखातली सात महिन्यांची पोटुशी बाई आज ग्रहण लागलं म्हणून तहानेली पडून राहते, याचा मला राग येतो. पाथरीच्या शाळेत ज्ञानराजाचं नाव मुलांना सांगितलं पाहिजे.

सूर्यग्रहण उघड्या डोळ्यांनी बघायचं नाही, ही बंदी तेवढी खरी आहे आणि पाळायलाच हवी. चंद्रग्रहण बघायला कसलीच हरकत नाही, पण सूर्याकडं खात्रीच्या ग्रहणचष्म्याशिवाय क्षणभरही बघू नये. काळी काच, एक्सरेची फिल्म, पाण्याची परात, काही नको. चष्मा नसेल तर कडुनिंब आहे. 15 जानेवारी 2010 ला, संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, भरदुपारी ग्रहण होतं. दक्षिणेत रामेश्वरकडं ते कंकणाकृती दिसलं. चंद्र लांब होता म्हणून लहान दिसत होता आणि जानेवारी असल्यानं पृथ्वी सूर्याच्या जवळ, म्हणून सूर्य किंचित मोठा, त्यामुळं झाकूनही कडं उरलं. आपल्याकडं सूर्याचा अर्ध्याहून अधिक व्यास झाकला गेला. आमच्या दारातल्या कडुनिंबाखाली एरवी गोल कवडसे पडतात, पानांमधली प्रत्येक बारीक फट सूर्याचं चित्र खाली पाडत असते. त्या दुपारी अंगणभर गोलांच्या जागी कोरी पडल्या होत्या, शेकड्यांनी, सगळ्या एकाच दिशेला तोंड केलेल्या. गल्लीतली पोरं त्या कोरींवर पाय ठेवत उड्या मारत होती. पुठ्ठ्याला सुईनं भोक पाडून पांढऱ्या कागदावर उजेड घेतला तरी हेच दिसतं.

पुढचं आपल्याकडून दिसू शकेल असं सूर्यग्रहण 2 ऑगस्ट 2027 ला आहे, आषाढ अमावास्येला, म्हणजे दिव्यांच्या अवसेला. इजिप्तमध्ये लक्सरकडं ते सहा मिनिटांहून अधिक काळ खग्रास असेल, आपल्याकडं उतरत्या दुपारी सूर्याचा थोडाच भाग झाकला जाईल. म्हाताऱ्या पावसाचे दिवस असतील, ढग असण्याचीच शक्यता जास्त. तरी पुठ्ठा आणि सुई जवळ ठेवा, आणि घरात कुणी पोटुशी असेल तर तिला वेळेवर जेवू घालून अंगणात खुर्ची टाकून द्या.